एकोणीस मार्चचा वाढदिवस

१

सोमवारी दुपारची सुट्टी संपून चार वाजले तेव्हा गोपीनाथ केंकऱ्यांनी वर्कशॉपचं शटर वर ढकललं आणि त्यांचं पहिलंच पाऊल काचांवर पडलं.

आधी त्यांना रागच आला. शारजापलीकडच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या या वर्कशॉपमध्ये हॉटेलांची आणि मशिदींची झुंबरं जुळवली जात, आणि एखादा लोलक जरी फुटला तरी मालक दिवसभर तोंड फुगवून बसत. इथे तर खोक्यांची अख्खी थप्पी आडवी झाली होती. "वली! अरे ओ वली! ये क्या करके रख्खा है?" असं ओरडत ते पुढे गेले आणि खोक्यांपलीकडे त्यांना मालकांचा हात दिसला.

कारेल दोस्ताल पोटमाळ्याच्या थेट खाली पडले होते. पोटमाळ्यावर ऑफिस होतं. माल चढवायला सोयीचं म्हणून त्याच्या एका बाजूला कठडा ठेवलेला नव्हता, नुसती एक साखळी अडकवलेली असे. ती आता एका आकड्यावरून लोंबत होती. साठी गाठलेला तो ताठ कण्याचा चेक माणूस मान वाकडी करून पडला होता आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर लोलकांचा चुरा होता. गोपीनाथांनी मनगट धरून पाहिलं आणि लगेच सोडून दिलं.

अठरा वर्षं त्यांनी या माणसाकडे पी. आर. ओ. म्हणून काम केलं होतं. पी. आर. ओ. म्हणजे व्हिसा, लेबर कार्ड, पासपोर्ट आणि सरकारी खिडक्यांपुढच्या रांगा. जगातल्या अठरापगड लोकांची नावं, बापांची नावं आणि जन्मतारखा फॉर्मात भरता भरता त्यांचे केस पिकले होते. त्यामुळे पोलिसांना फोन करून झाल्यावर त्यांची नजर कागदांच्या कपाटाकडे गेली. कपाट उघडं होतं. कामगारांचे पासपोर्ट त्यात ठेवलेले असत. त्यांनी ते मोजले. एक कमी होता, वलीचा. आणि खालच्या कप्प्यातली निळी फाइल जागेवर नव्हती.

पोलिसांना वली मागच्याच खोलीत सापडला. पन्नाशीचा पठाण, अठरा वर्षं इथे काढलेला. त्याची बॅग भरलेली होती आणि पासपोर्ट कुर्त्याच्या खिशात होता.

"साब ने खुद दिया," तो म्हणाला. "बोला, ईद घर पे करो."

मालकांनी कोणाचा पासपोर्ट असा आपण होऊन दिल्याचं गोपीनाथांना आठवत नव्हतं. पोलिसांच्या कॅप्टननं त्यांच्याकडे पाहिलं. गोपीनाथांनी मान खाली घातली, आणि कॅप्टननं जो काढायचा तो अर्थ काढला. वलीच्या हातांत बेड्या पडल्या.

"फाइल कुठे आहे?" कॅप्टननं विचारलं.

वलीला कुठली फाइल तेच कळेना.

२

शारजाच्या अल नहदामध्ये एकाच टॉवरात गोपीनाथ तिसऱ्या मजल्यावर आणि दोस्ताल बापलेक सातव्या मजल्यावर राहत. मुलगी इरेना चोवीस वर्षांची. बाप दोस्ताल आणि मुलगी दोस्तालोवा असं का, हे गोपीनाथांनी शारजातल्या प्रत्येक खिडकीवर निदान एकदा समजावलं होतं: त्यांच्यात बायकांची आडनावं अशीच असतात साहेब, मुलगी पळवून आणलेली नाही. तिची आई लेबनॉनची नर्स. बैरूतच्या लढाईत आईचं माहेर संपलं आणि इरेना नऊ वर्षांची असताना आईही गेली. त्यानंतर ती प्रमोदिनीबाईंच्या, म्हणजे गोपीनाथांच्या पत्नीच्या, स्वयंपाकघरातच वाढली. तिचं मराठी त्यामुळे बरंच घरगुती होतं.

"बाबा गेले," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, तेच बघवत नव्हतं. "आणि वलीचाचांना घेऊन गेले. लहानपणी मला शाळेच्या बसमध्ये कोण बसवायचं, काका? वलीचाचा. ते बाबांना मारतील? मला आता आहे कोण?"

"पावेल आहे ना," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

पावेल तिच्यासाठी चहा करत होता. हा तिचा सख्खा चुलतभाऊ, बत्तीस वर्षांचा, चेक देशात शाळामास्तर. दहा दिवसांपूर्वी तो शारजात आला होता आणि तो इरेनाला सापडला होता त्या निळ्या फाइलमुळे.

ही फाइल म्हणजे इरेनाचा जीव होता. "आमचे सगळे गेले, विचारू नकोस," एवढंच बापानं तिला आयुष्यभर सांगितलं होतं. वर्षभरापूर्वी तिनं गोपीनाथांकडून बापाच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स गुपचूप घेतली आणि त्यांच्या देशातल्या दफ्तरखान्याला पत्र लिहिलं. कागद वर्कशॉपच्या पोस्टबॉक्सवर येत गेले आणि गोपीनाथ ते कपाटातल्या निळ्या फाइलीत लावत गेले. गाव सापडलं, चर्चच्या वह्यांतली पानं सापडली. घराण्याचं मूळ आडनाव दोस्ताल नव्हतंच, हेही कळलं: खापरपणजोबा लग्न करून दोस्तालांच्या शेतघरात राहायला गेले आणि तिथल्या जुन्या रिवाजाप्रमाणे घराचं नाव त्यांना चिकटलं. "म्हणजे घरजावईच की!" म्हणून प्रमोदिनीबाई केवढ्या हसल्या होत्या. आणि मग कळलं, की आजी जिवंत आहे. शहाऐंशी वर्षांची. तिचा धाकटा मुलगा वारला, त्याचा मुलगा पावेल. थोरला कारेल १९६९ साली देश सोडून पळाला, त्याची एक ओळ तिला तीस वर्षांत आली नव्हती.

त्या दिवसापासून इरेना दर शुक्रवारी आजीला फोन करायची. पुस्तकातून पाठ केलेली चार वाक्यं बोलायची आणि पलीकडचं रडणं ऐकत बसायची. मालक मात्र एकदाही फोनवर आले नाहीत. कान गेलेत म्हणाले. गोपीनाथांना वाटायचं, लाज वाटत असेल. तीस वर्षांनी आईला काय म्हणायचं?

"तुम्ही आज दुपारी कुठे होता?" गोपीनाथांनी पावेलला इंग्रजीत विचारलं. सगळ्यांनाच विचारायचं, मग त्याला का वगळा.

"हॉटेलात झोपलो होतो," पावेल म्हणाला. "या उन्हात दुसरं काय करणार?" त्यानं कप इरेनाच्या हातात दिला आणि तिच्या खांद्यावरून हात फिरवला.

शनिवारी बकरी ईद होती. त्याआधी, म्हणजे बुधवारी, वलीचे कागद सरकारी वकिलांकडे जाणार होते. खुनाचा गुन्हा एकदा तिथे नोंदला गेला की पुढे मान वाचणं कठीण, हे कॅप्टननंच सांगितलं होतं.

"काका, तुम्हाला सगळ्यांचे कागद कळतात," इरेना म्हणाली. "मला फक्त खरं काय ते शोधून द्या."

गोपीनाथांनी हो म्हटलं. पण त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: वलीला सहीसुद्धा येत नाही. त्यानं चर्चच्या वह्यांची पानं कशाला चोरली?

३

हेमचंद्र बर्वे हे इंटीरियरचे मोठे कॉन्ट्रॅक्टर. एका हॉटेलच्या झुंबराला उशीर झाला म्हणून गेल्या आठवड्यात त्यांची आणि मालकांची चांगलीच जुंपली होती. कामगारांनी ती ऐकली होती. मंगळवारी सकाळी गोपीनाथ त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"म्हणजे आता माझ्यावर संशय?" हेमचंद्र हसले, पण त्यांनी पेन उगीचच उघडून बंद केलं. "केंकरे, मी गेलो होतो सोमवारी. लपवत नाही. सव्वादोनच्या सुमारास. शटर बंद. म्हातारा आत होता, पण उघडलं नाही."

"आत होते, हे कशावरून?"

"आवाज येत होता ना. फोनवर बोलत होता, त्यांच्या त्या भाषेत. चांगला वरच्या पट्टीत. मी शटर बडवलं. मग गाडीत बसून मोबाइलवरून ऑफिसच्या नंबरवर रिंग दिली. आत घंटी वाजतेय, मला बाहेर ऐकू येतेय, आणि हा उचलत नाही. म्हटलं खलास, उद्या बघू."

गोपीनाथ पुढे झुकले. "हेमचंद्रराव, वर्कशॉपला फोनची लाइन एकच आहे. मालकांकडे मोबाइल नव्हता."

"मग?"

"ते फोनवर बोलत असते तर तुम्हाला एंगेज लागला असता. घंटी वाजली कशी?"

हेमचंद्रांचं पेन हातातच राहिलं. शटरच्या दुसऱ्या बाजूला एक माणूस मरणार होता आणि आपण गाडीत एसी लावून बसलो होतो, हे त्यांच्या आता ध्यानात आलं.

"म्हणजे आत दुसरं कोणी होतं," ते म्हणाले. "पण त्यांची भाषा इथे बोलतं कोण? इरेनाला तर येत नाही."

उत्तर एकच होतं, आणि ते गोपीनाथांना नको होतं.

"तो पावेल," हेमचंद्र स्वतःच म्हणाले. "पण सख्ख्या काकाला? परवा शुक्रवारी तुमच्याकडे वाढदिवसाला आम्ही सगळे एका टेबलावर जेवलो. बरं, एक आठवलं. आमच्या हिनं, विभावरीनं, नेहमीसारखं म्हाताऱ्याला औक्षण केलं ना, तेव्हा हा पावेल तिच्या शेजारीच उभा होता. हसत होता. फोटो काढत होता. आणि नंतर त्यानं श्रीखंडाला बोटसुद्धा लावलं नाही. ही म्हणालीसुद्धा, एकाएकी काय बिनसलं याचं?"

एकाएकी काय बिनसलं होतं? गोपीनाथ गाडीत बसले तरी तोच प्रश्न त्यांच्या शेजारच्या सीटवर बसला होता.

४

वलीला भेटायला त्यांना दहा मिनिटं मिळाली. एका दिवसात तो म्हातारा दिसायला लागला होता.

"गोपीसाब, आपने सर झुकाया," तो पहिल्यांदा तेच म्हणाला.

गोपीनाथांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ कर, वली. गलती हुई." मग नाक पुसून त्यांनी विचारलं, "पासपोर्ट देताना साब काय म्हणाले? नीट आठव."

"सोमवार, बारा बजे. बुलाया और हाथ में दिया. बोला, वली, जिसका कागज उसके पास होना चाहिए. मैंने गलत किया. मैं बोला, साब, तबीयत ठीक है?" वलीनं जुळवलेल्या हातांनी डोळे पुसले. "शुक्रवार के बाद साब सोया नहीं. माले पे बैठा रहता था. फिर बोला, दो बजे चाय रख के जाना. दो गिलास."

"दोन?"

"दो. मैं रख के सो गया. एसी की घरघर में कुछ सुना नहीं."

मालक चहा पीत नसत. काळी कॉफी, तीही एकटेच. ज्याच्यासाठी चहा मागवला तो पाहुणा ठरवून बोलावलेला होता. म्हणजे बोलावणारा मालकच. ज्याला आपणच बोलावलं त्याच्याशी वरच्या पट्टीत भांडण व्हावं, असं काय बोलायचं होतं त्यांना?

घरी येईपर्यंत गोपीनाथांनी शुक्रवार मनात पुन्हा पुन्हा उलगडून पाहिला. औक्षण झालं होतं. पावेलनं कॅमेरा खाली केला आणि सहज विचारलं होतं, "आज काय आहे?" इरेना म्हणाली, "बाबांचा वाढदिवस." पावेल म्हणाला, "आजी तर त्यांच्यासाठी सात नोव्हेंबरला मेणबत्ती लावते." आणि त्यावर आपण स्वतः, गोपीनाथ दामोदर केंकरे, ताटावरून उठून त्याला सगळं समजावलं होतं.

आपल्याकडे पूर्वी शाळेत घालताना मास्तर सगळ्या पोरांची तारीख एक जून लिहायचे. गोपीनाथांचा जन्म ऐन श्रावणातला, पण पासपोर्टवर एक जून. हेमचंद्रांची एक जून. अर्ध्या महाराष्ट्राची एक जून! तेव्हा मालकांच्या कागदावरची सात नोव्हेंबर वेगळी आणि खरी तारीख वेगळी, यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नव्हतं. इरेना सात वर्षांची असताना एका एकोणीस मार्चला त्यांनी मालकांना एकटेच केकचा तुकडा आणि वाइनचा ग्लास पुढे घेऊन बसलेले पाहिलं होतं. "बेबी, तुझ्या बाबांचा खरा वाढदिवस आज आहे बरं का," असं त्यांनीच पोरीला हळूच सांगितलं. मालक ओशाळून हसले, नाही म्हणाले नाहीत. त्या वर्षापासून केक आणि श्रीखंड सुरू झालं.

हे सगळं गोपीनाथांनी पावेलला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. पावेल ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं मालकांकडे पाहिलं होतं, आणि मालकांनी हातातला चमचा खाली ठेवला होता.

५

संध्याकाळी सगळे सातव्या मजल्यावर होते. प्रमोदिनीबाईंना तेराव्या दिवसाची तारीख बघायची होती. परक्याचा असला तरी घरचाच माणूस, काहीतरी करायला नको का, असं त्यांचं म्हणणं. स्वयंपाकघरात पावेलनं भेट दिलेलं त्यांच्याकडचं कॅलेंडर टांगलेलं होतं.

"हे काय गं?" त्या म्हणाल्या. "रोजच्या तारखेखाली काहीतरी लिहिलंय. तिथी आहे का त्यांची?"

"नावं आहेत, मावशी. तिकडे प्रत्येक नावाचा एक दिवस असतो. त्या नावाच्या सगळ्यांना त्या दिवशी फुलं, वाइन. पावेल म्हणाला, वाढदिवस एक वेळ लोक विसरतील, हा दिवस नाही विसरत. मोठ्या नावांचे दिवस तर तिकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतात." इरेना पहिल्यांदाच थोडी हसली. "माझा सोळा एप्रिल. बाबांचा, कारेलचा, चार नोव्हेंबर. मी दोन्हींवर खुणा केल्यात."

गोपीनाथ उठले. त्यांनी चष्मा लावला आणि कॅलेंडरसमोर उभे राहिले. त्यांना तारीख शोधावी लागली नाही. सतरा वर्षं ती त्यांच्या तोंडात होती.

एकोणीस मार्चखाली लिहिलं होतं: योसेफ.

ती तारीख वाढदिवसाची नव्हतीच. स्वतःचं नाव टाकून दिलेला एक माणूस वर्षातून एकदा, दार लावून, त्या नावाला एक ग्लास वाइन देत होता. आणि आपण त्याचं दार उघडून त्याच्या डोक्यावर टोपी घातली, त्याला ओवाळलं, आणि सरतेशेवटी तो दिवस अशा माणसाला दाखवला की ज्याला तो कळायला एक क्षण लागला.

"काका? काय झालं?"

गोपीनाथांनी इरेनाकडे पाहिलं. तोंड उघडलं तर वली सुटणार होता. पण या पोरीचं गाव, चर्चमधली पानं, शुक्रवारची आजी, सगळं त्याच्याबरोबर जाणार होतं. गप्प बसावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. मग वलीचे जुळवलेले हात आठवले.

"पावेलला बोलाव," ते म्हणाले.

६

पावेल बसला नाही, खिडकीपाशी उभा राहिला. गोपीनाथ इंग्रजीत सावकाश बोलले, फॉर्म वाचून दाखवावा तसे.

"सोमवारी सव्वादोनला वर्कशॉपमध्ये चेक भाषेत बोलणं चाललं होतं. फोन मोकळा होता, म्हणजे बोलणारा समोर होता. ती भाषा येणारी इथे दोनच माणसं, एक मालक आणि दुसरे तुम्ही. मालकांनी तुम्हाला बोलावलं होतं, चहा सांगून ठेवला होता. त्याआधी त्यांनी वलीला त्याचा कागद परत दिला, कारण ज्याचा कागद त्याच्याकडे असावा असं त्यांना वाटायला लागलं होतं. त्यांच्या स्वतःकडेही एक परका कागद होता. तीस वर्षं."

"काका, परका म्हणजे?" इरेना म्हणाली.

"बेबी, तुझे बाबा आईशी फोनवर बोलत नव्हते, कारण ती त्यांची आई नव्हती. त्या बाईनं एका शब्दात ओळखलं असतं. त्यांनी तुला घराणं शोधू दिलं नाही, कारण ते घराणं दुसऱ्याचं होतं. त्यांचं नाव योसेफ होतं. शुक्रवारी माझ्या बडबडीतून हे पावेलला कळलं." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "माझ्यामुळे कळलं."

पावेलनं नाकारलं असतं तर गोपीनाथांना बरं वाटलं असतं. त्यांच्याकडे पुरावा म्हणून दाखवायला एक कॅलेंडर आणि एक टेलिफोनची घंटी, एवढंच होतं. पण पावेल खुर्चीवर बसला आणि त्यानं आपल्या बॅगेतून निळी फाइल काढून टेबलावर ठेवली. थकलेल्या माणसानं ओझं ठेवावं तशी.

"योसेफ सेदलाक," तो म्हणाला. "कारखान्यात काकांच्या हाताखाली होता. सैन्यातून पळालेला. त्यानंच सांगितलं सगळं. दोघं युगोस्लाव्हियातून ऑस्ट्रियात जाणार होते, नदी पोहून. तो म्हणाला, काका मधेच बुडाले. सकाळी त्याला प्रेत काठाला लागलेलं दिसलं. त्यानं हातांनी खड्डा केला आणि पुरलं. काकांचे इंजिनियरचे कागद मेणकापडात कोरडे होते. ते घेतले आणि चालायला लागला." पावेलनं इरेनाकडे पाहिलं नाही. "बुडाले की बुडवले, मला माहीत नाही. कोणालाच कधी कळणार नाही. आजी तीस वर्षं नाताळच्या रात्री एक जास्तीचं ताट मांडते. सगळे म्हणतात ते वाटसरूसाठी असतं. आमच्याकडे ते काकांसाठी असतं. आणि हा माणूस इथे त्यांच्या नावानं जेवत होता!"

"म्हणून ढकललंत?" गोपीनाथांनी विचारलं.

"मी ओरडलो. तो रडत होता. शेवटी मी एवढंच म्हणालो, कुठे पुरलंय ते सांग, मी त्यांना घरी नेतो. तो हो म्हणाला. फाइलमधला एक कागद घेतला, पेन्सिल घेतली. मग एकदम उठून पाठ फिरवली. मला वाटलं, पळतोय. पुन्हा पळतोय. मी त्याला धरून हिसडा दिला. साखळी नुसती अडकवलेली होती." त्यानं टेबलावरच्या फाइलवर हात ठेवला. "मागच्या दारानं बाहेर पडल्यावर मला कळलं तो काय म्हणत उठला होता ते. आमच्या भाषेत साधं वाक्य आहे. चष्मा घेतो, म्हणाला होता."

प्रमोदिनीबाईंना इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण त्या तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

रात्र पडायच्या आत पावेल गोपीनाथांच्या गाडीत बसून स्वतः पोलिसांकडे गेला. बुधवारी दुपारी वली सुटला. त्याचं विमान गेलं होतं, सुट्ट्यांमुळे दुसरं तिकीट मिळत नव्हतं. तो सातव्या मजल्यावर आला, दारातच बसला आणि इरेनाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मैं इधर ही हूँ, बेटा." इरेना तेव्हा रडली. दोन दिवसांचं साठलेलं सगळं रडली.

शुक्रवारी सकाळी तिनं गोपीनाथांना वर बोलावलं. नेहमीच्या वेळेला आजीला फोन लावायचा होता, त्याला अजून तास होता. टेबलावर निळ्या फाइलमधली पानं पसरलेली होती आणि सगळ्यांत वर पावेलनं सांगितलेला तो कागद होता. त्यावर पेन्सिलीची एक वाकडी रेघ होती. नदी असावी. तिला नाव नव्हतं, बाजूला गाव नव्हतं, खूण नव्हती.

"हे तिचे लोक, काका, माझे नाहीत," इरेना म्हणाली. "ते मी कसं तरी सहन करीन. पण फोन मला करावाच लागेल, दुसरं कोणी नाही तिला सांगायला. तिचा मुलगा कुठे आहे, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तो माझा बाप. आणि त्याला तिच्याच नातवानं मारलं, तो सांगायला निघाला होता तेव्हा. हे मी कसं सांगू? मला चारच वाक्यं येतात."

काहीतरी करायचं म्हणून गोपीनाथांनी तो कागद उचलला, उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.